घटकेला एक पळ

लेखमाला : खिशातलं यंत्र, भाग ४

सकाळची वेळ. उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकात इंदूरची गाडी लागलेली असते. दाराशी उभा कंडक्टर ‘इंदौर, इंदौर’ असा पुकारा करतो, बाजूच्या ठेल्यावर पोह्यांवर जिरावण भुरभुरलं जात असतं. गाडीत चढणाऱ्या विशीतल्या मुलामुलींचा क्रम ठरलेला असतो. खिडकी पकडायची, बॅग मांडीवर घ्यायची, कानात इअरबड घालायचे आणि मान खाली. गाडी सुटते. त्रिवेणीचं शनिमंदिर मागे पडतं, सांवेर येतं आणि जातं, तरी मान वर होत नाही. साधारण ५५ किलोमीटरचं अंतर, सव्वा-दीड तासाचा प्रवास. कुणी इंदूरला क्लासला जातं, कुणी नोकरीला. संध्याकाळी हीच मंडळी त्याच बसमध्ये, त्याच बैठकीत परततात.

राणोजी शिंद्यांनी उज्जैनला राजधानी मांडली तेव्हापासून या शहरात मराठी घरं आहेत. यातल्या कुठल्याही घरात आजीची फोनबद्दलची तक्रार पुण्या-नागपुरातल्या आजीसारखीच असते : “उशाशी घेऊन झोपू नकोस रे, डोक्यात किरणं जातात.”

मागच्या भागात फोनची सवय कशी जडते ते पाहिलं. या भागात त्या सवयीचा शरीराशी असलेला हिशेब मांडायचा आहे, आणि सुरुवात आजीच्या किरणांपासूनच करायला हवी.

फोनमधून निघतात त्या रेडिओलहरी. क्ष-किरणांसारखी पेशीतले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि तिच्यावर मर्यादा घातलेली आहे. भारतात सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा शरीराच्या एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोमागे १.६ वॅट इतकी आहे. बहुतेक फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणं दाबली की त्या फोनचा आकडा दिसतो. मग भीती आली कुठून? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि ती बातमी घरोघरी पोचली. पूर्व आशियाई पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत, हे मात्र बातमीत नव्हतं. त्या गटाचा अर्थ ‘पुरावा अपुरा आहे, लक्ष ठेवा’ एवढाच. पुढे लक्ष ठेवलंही गेलं. २०२४ मध्ये याच संघटनेच्या सांगण्यावरून २२ देशांतल्या ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त काळ फोन वापरणाऱ्यांतही नाही.

म्हणजे आजी ज्याला भिते त्याचा पुरावा मिळालेला नाही. पण नातवाच्या कानात जे चाललंय त्याचा पुरावा भरपूर आहे, आणि त्याची तक्रार सहसा कुणी करत नाही.

कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या भागात, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर विजेच्या इशाऱ्यात बदलून मेंदूकडे धाडणं हे त्यांचं काम. माणसाच्या कानातली केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. जन्मतः मिळालेली शिल्लक आयुष्यभर पुरवायची असते. मोठ्या आवाजाचा घाव आधी उंच सुरांच्या पेशींवर बसतो. म्हणून सुरुवातीला बहिरेपण जाणवतच नाही. समोरच्याचा आवाज नीट येतो. निसटतात ती स, श, फ, थ यांसारखी हलकी व्यंजनं. ‘ऐकू येतंय, पण कळत नाहीये,’ अशी तक्रार सुरू होते. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा हॉटेलच्या गोंगाटात बोलणं समजेनासं होतं. कुणाच्या कानात रात्रीच्या शांततेत शिट्टी वाजत राहते. तोवर तिशी-चाळिशी उजाडलेली असते आणि कॉलेजातल्या बसप्रवासाशी या शिट्टीचा संबंध कुणी जोडत नाही.

हा संबंध आकड्यांत मांडता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. डेसिबलची पट्टी फसवी आहे. ती ३ ने वाढली की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकण्याची मुभा निम्म्यावर येते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. फोनवर हे ३ डेसिबल म्हणजे आवाजाच्या पट्टीवरच्या एखाद-दोन खाचा.

आता पुन्हा नानाखेड्याच्या गाडीत बसू. जाऊन-येऊन रोज सुमारे तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १८ तास. घरात, शांत खोलीत, तेच गाणं मंद आवाजात पुरतं. बसमध्ये इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, हॉर्न आणि ड्रायव्हरचं स्वतःचं गाणं. या सगळ्यावर मात करायला बोट आपोआप वरच्या बटणावर जातं. आवाज ८३ वर थांबला तर १८ तासांत आठवड्याचा कोटा जेमतेम भागतो. ८६ वर गेला तर तो गुरुवारच्या सकाळीच संपलेला असतो, आणि त्यानंतरचं प्रत्येक गाणं उधारीवर. यात जिममधला तास आणि झोपताना ऐकलेली मालिका धरलेली नाही.

फोन याची सूचना देतो. आवाज एका पातळीच्या वर नेला की पडद्यावर पाटी येते : जास्त वेळ मोठ्या आवाजात ऐकल्यास श्रवणशक्तीला हानी पोचू शकते. ही पाटी न वाचता ‘ठीक आहे’ दाबायला विशीतल्या अंगठ्याला अर्धा सेकंदही लागत नाही.

असे अंगठे किती? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १२ ते ३५ वयोगटातल्या ११० कोटी जणांच्या श्रवणशक्तीला धोका असल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजाने ही संख्या ६७ कोटी ते १३५ कोटींच्या दरम्यान असल्याचं म्हटलं. अंदाजाचा पल्ला मोठा आहे, पण त्याचं खालचं टोकही महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या पाचपट आहे.

उपाय कंटाळवाणे आहेत आणि चालतात. कानात घट्ट बसणारी किंवा बाहेरचा गोंगाट कापणारी इअरफोनची जोडी घेतली की आवाज वाढवण्याचं कारणच उरत नाही. मात्र रस्ता ओलांडताना ती काढायलाच हवी. आवाजाची कमाल मर्यादा फोनच्या सेटिंगमध्ये बांधून ठेवता येते. आणि शेजारी बसलेल्याला आपलं गाणं ऐकू येत असेल, तर त्याने हसून सांगण्याआधी आपणच खाच खाली आणावी.

कानानंतर डोळा. त्याचा हिशेब करायला उज्जैनइतकं योग्य गाव नाही. प्राचीन भारतीय ज्योतिषाने शून्य रेखांश याच गावावरून नेला. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने शिप्रेकाठी वेधशाळा उभारली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच आवारात विक्रमादित्य वैदिक घड्याळ सुरू झालं. सूर्योदय ते सूर्योदय असा दिवस धरून ते ३० मुहूर्त मोजतं.

एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. त्याच्या आत उतरत गेलं की मनुस्मृतीतल्या कोष्टकात सगळ्यात खाली ‘निमेष’ भेटतो, म्हणजे पापणी लवायला लागणारा वेळ. १८ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक मुहूर्त. गुणाकार केला तर मुहूर्तात १६,२०० निमेष, आणि एक निमेष सुमारे ०.१८ सेकंदाचा. आजची उपकरणं पापणीच्या एका उघडझापीला ०.१ ते ०.४ सेकंद लागतात असं सांगतात. हा आकडा जुन्या हिशेबाशी जुळतो.

जुळत नाही ती पापणीची वारंवारता. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे बघताना हे प्रमाण पाच-सातवर येतं, आणि त्यातल्याही कित्येक पापण्या अर्ध्यावरूनच परततात. पापणी मिटते तेव्हा डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो, त्यावर पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल बसतं आणि थर टिकतो. तो विरू लागला की पापणी पुन्हा मिटायला हवी. मिटली नाही की डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, संध्याकाळी लाल होतो. माळव्यातला उन्हाळा आणि चेहऱ्यावर रोखलेला एसीचा झोत त्यात भर घालतात.

या चुरचुरीवर बाजारात निळा प्रकाश अडवणारे चष्मे जोरात विकले जातात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही. निळा प्रकाश अडवल्याने पापणी जास्त वेळा लवत नाही, हे त्यामागचं साधं कारण. त्यापेक्षा स्वस्त सल्ला दृष्टितज्ज्ञ देतात : दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. जुन्या मापात एक घटका २४ मिनिटांची आणि एक पळ २४ सेकंदांचा. तेव्हा उज्जैनच्या भाषेत हा नियम ‘घटकेला एक पळ, दूर’ इतका सुटसुटीत होतो. सांवेरपर्यंतच्या शेतांनी तेवढी सोय करून ठेवलेली आहे.

मानेचं प्रकरण थोडं वेगळं आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी गणित मांडलं : पाचेक किलोचं डोकं ६० अंशांत पुढे झुकलं की मानेच्या मणक्यांवर २७ किलोंचा भार येतो. हा आकडा जगभर फिरला. पण ते संगणकावरचं प्रतिमान होतं. खऱ्या माणसांच्या माना त्यात मोजलेल्या नव्हत्या. झुकल्याने भार वाढतो हे खरं, पण पुढे माणसांवर झालेल्या अभ्यासांत झुकण्याचा आणि मानदुखीचा संबंध इतका सरळ निघाला नाही. एकाच स्थितीत तासभर आखडून राहणं हा जास्त मोठा गुन्हेगार असावा, असं बरेच फिजिओथेरपिस्ट मानतात. घटकेच्या त्या पळात मानही वर होते, त्यामुळे वेगळं औषध नको.

काही धोके मात्र वर्षानुवर्षांच्या मात्रेची वाट पाहत नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी बातम्यांवरून ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या सेल्फीबळींची मोजदाद केली. जगभरात १३७ घटनांत २५९ मृत्यू, त्यांचं सरासरी वय २३ च्या आसपास. सर्वाधिक मृत्यू भारतात, आणि कारणांत पहिलं बुडणं. शिप्रेचे घाट रोज अशा फोटोंनी भरतात. इथल्या महाकालेश्वर मंदिरात डिसेंबर २०२२ पासून मोबाइल न्यायला बंदी आहे. फोन बाहेर जमा करून दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना मग समोरच्याच्या पाठीकडे, नाहीतर शिखराकडे बघावं लागतं.

अशी सामूहिक कुलुपं महाराष्ट्रातही लागली. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की ते पुन्हा सुरू. करोनाकाळात शाळा फोनमध्ये गेली आणि मुलं त्यातून बाहेर येईनात, म्हणून तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली. ती रुजावी म्हणून शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या.

वडगावचा भोंगा शाळकरी मुलांसाठी आहे. इंदूरच्या गाडीतल्या बावीस वर्षांच्या मुलीला भोंगा वाजवणारं कुणी नाही. तिचं तिकीट फोनमध्ये, क्लासच्या नोट्स फोनमध्ये, साहेबाचा निरोप फोनमध्ये. तिला फोन ठेवून दे म्हणणं म्हणजे नोकरी ठेवून दे म्हणण्यासारखं. पण सांवेर आल्यावर एकदा खिडकीबाहेर बघायला आणि आवाज दोन खाचा खाली आणायला तिला ना सरपंच लागतो, ना चष्म्याचं दुकान. त्याआधी एक प्रयोग करण्यासारखा आहे. इअरबड घरी ज्या पातळीवर ऐकतो तिथे ठेवायचे, गाडी सुटल्यावर बोट बटणावर किती वेळा जातं ते मोजायचं, आणि नानाखेड्याला परत उतरताना तो आकडा लिहून ठेवायचा.

(पुढील भागात : रात्री बारानंतरचा पडदा आणि झोप)