खेळासाठी संगणक घेताना : ‘आय ७’ हे नाव पुरेसे नाही

कापडाच्या धंद्यात आम्ही पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकलो. ताग्यावरचा छाप पाहून माल घेणारा फसतो. तागा उलगडून, बोटांत धरून पाहणारा सहसा फसत नाही. संगणकाच्या बाजारात हाच धडा आम्हाला पुन्हा शिकावा लागला, तोही पन्नाशी उलटल्यावर. आपल्या बांधवांपैकी अनेकांची मुले आज गेमिंग सेंटर काढू पाहतात, कोणी जुने संगणक दुरुस्त करून विकतात, तर कोणाच्या घरी मुलगा ‘गेमिंगवाला कॉम्प्युटर’ मागतो आहे. त्या सर्वांसाठी हा अनुभव हिशेबासह मांडत आहोत.

सौदा समोर आला तो असा

२०२५ च्या अखेरीस आमचा भाचा धावत दुकानावर आला. त्याला पाच संगणकांचे गेमिंग सेंटर काढायचे होते. भांडवल म्हणजे त्याची स्वतःची बचत आणि आमच्या बहिणीने मोडलेले दागिने. एका दलालाकडे कार्यालयातून निघालेल्या जुन्या संगणकांचा लॉट होता. “मामू, आय ७ आहे, आय ७! नव्या यंत्राच्या निम्म्याहून कमी भावात मिळतोय. फक्त ग्राफिक्स कार्ड वेगळे घालायचे.” इसारही तो देऊन आला होता.

आम्ही एवढेच विचारले, “नमुना आणलास का?” तो गप्प बसला. मग एक यंत्र नमुना म्हणून घरी आणले, उघडले आणि आतला आकडा वाचला. आय ७-२६००. ‘आय ७’ खरा होता, पण २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. जवळपास पंधरा वर्षांचा माल. दलाल खोटे बोलला नव्हता, पण त्याने पूर्णही सांगितले नव्हते.

खेळात प्रोसेसरचे काम कोणते

खेळाचे चित्र ग्राफिक्स कार्ड काढते, मग प्रोसेसर कशाला चांगला हवा, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. यंत्रमागवाल्यांना याचे उत्तर लगेच समजेल. माग कितीही वेगवान असो, ताण्याचे बीम वेळेवर आले नाही तर माग उभा राहतो. खेळात बीम भरणारा तो प्रोसेसर. कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, गाडी कशी वळली, हे सारे तो प्रत्येक चित्रासाठी नव्याने मोजतो आणि मग ‘आता हे काढ’ असा हुकूम ग्राफिक्स कार्डाला देतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असतील तर सातपेक्षाही कमी. तेवढ्यात प्रोसेसरचा हिशेब पुरा झाला नाही, तर महागडे कार्ड रिकामे बसते.

पडद्यावरचे ठिपके वाढवले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे फारसे वाढत नाही. १०८० पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, ४के पडद्यावर सुमारे ८२.९ लाख. म्हणून ४के वर खेळणाऱ्याला जुन्या आणि नव्या प्रोसेसरमधला फरक कमी दिसतो, कारण तिथे कार्डच आधी थकते. गेमिंग सेंटरमध्ये मात्र मुले १०८० पी वर, जास्तीत जास्त वेगाने खेळतात. तिथे प्रोसेसरचे वय उघडे पडते.

यावरून एक सोपी परीक्षा निघते. खेळ चालू करून पडद्याचे रिझोल्यूशन कमी करा. चित्रांचा वेग चांगला वाढला तर अडचण कार्डाची होती. वेग तिथेच राहिला तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. आम्ही त्या नमुना यंत्रात चांगले कार्ड बसवून काउंटर-स्ट्राइक २ लावला. या खेळाची किमान अट आय ५ ७५० इतकी जुनी आहे, त्यामुळे खेळ सुरू झाला. भाचाही खूश झाला. पण दहा खेळाडू एकत्र भिडले आणि धूर पसरला की चित्र अडखळू लागले. रिझोल्यूशन खाली आणले, तरी फरक नाही. मग ओळखीच्या दुकानदाराकडून दोन तासांसाठी रायझन ५ ५६०० चे यंत्र आणले आणि तेच कार्ड त्यात बसवले. अडखळणे गेले. भाच्याला पुढे काही सांगावे लागले नाही. ‘किमान अट’ म्हणजे खेळ उघडेल एवढेच, तो नीट चालेल असे नव्हे.

गिगाहर्ट्झ आणि कोअर : दोन फसवे आकडे

दुकानात गेल्यावर पहिला आकडा ऐकवतात तो गिगाहर्ट्झचा. २६०० चा वेग ३.४ पासून ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत. २०२२ च्या आय ५-१२४०० चा २.५ पासून ४.४ पर्यंत. नुसते वरचे आकडे पाहिले तर फरक किरकोळ वाटतो. पण गिगाहर्ट्झ म्हणजे मागाचे फेरे. एका फेऱ्यात कापड किती निघते, हे वेगळेच. इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. २००६ मध्ये त्याच कंपनीचा कोअर २ ड्युओ ई६६०० अवघ्या २.४ गिगाहर्ट्झवर आला आणि त्याने पेंटियमला मागे टाकले. प्रत्येक फेऱ्यातले काम वाढले होते. एएमडीने २०२० मध्ये रायझन ५००० मालिका आणली, तेव्हा त्याच वेगावर आधीच्या पिढीपेक्षा सरासरी १९ टक्के जास्त काम होते, असा कंपनीचा दावा होता. अशा पाच-सहा पिढ्यांची वाढ एकावर एक चढली की पंधरा वर्षांत केवढे अंतर पडते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरा आकडा कोअरचा. जास्त कोअर म्हणजे जास्त कारागीर. पण खेळातले बरेच काम एकामागून एक करावे लागते. तिथे दहा कारागीर उभे केले तरी सुई एकाच्याच हाती असते. २०११ चा एएमडी एफएक्स-८१५० आठ कोअरचा म्हणून विकला गेला. त्या काळच्या बहुतेक खेळांत तो चार कोअरच्या आय ५-२५००के च्या मागे राहिला. आज सर्व्हरमधून निघालेले झिऑन प्रोसेसर ‘आठ कोअर, चौदा कोअर’ म्हणून स्वस्तात विकले जातात. व्हिडिओच्या कामाला ते ठीक असतील, खेळासाठी सावध राहावे. मात्र उलटी चूकही करू नये. चार कोअर आणि चारच थ्रेड असलेले जुने आय ५ आता नव्या मोठ्या खेळांत दमतात. आजच्या घडीला सहा कोअर, बारा थ्रेड हा मध्यम गिऱ्हाइकाचा योग्य माल आहे.

गल्ल्याजवळचा माल

तिसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही, तो म्हणजे कॅश. गिऱ्हाइकाने मागितलेला रंग गल्ल्याजवळच्या फळीवर असेल तर हात लांबवला की मिळतो; गोडाऊनमधून आणायचा तर पोरगा पाठवावा लागतो. प्रोसेसरमधली कॅश ही फळी, रॅम हे गोडाऊन. २०२२ मध्ये एएमडीने याचा पुरावाच दिला. रायझन ७ ५८००एक्स मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आणि वेग ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत. त्याच घडणीच्या ५८००एक्स३डी मध्ये कॅश ९६ एमबी, वेग मात्र ४.५ पर्यंतच. वेग कमी असूनही बहुतेक खेळांत दुसराच पुढे राहिला. आमच्या आय ७-२६०० मध्ये ही फळी ८ एमबीची होती.

नव्या मालातही डोळे मिटून घेऊ नये. रायझन ५ ५५०० आणि ५६०० ही नावे जुळ्या भावांसारखी आहेत, पण पहिल्यात कॅश १६ एमबी आणि दुसऱ्यात ३२ एमबी. तसेच नवे ते प्रत्येक खेळात पुढेच असते, असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के अनेक खेळांत त्याच कंपनीच्या आधीच्या आय ९-१४९००के च्या मागे राहिला.

सरासरीच्या भुलीत पडू नका

विक्रेता म्हणतो, “सरासरी ६० मिळतात.” हिशेब पाहा. एका सेकंदात ५९ चित्रे दहा-दहा मिलिसेकंदांत आली, म्हणजे ५९० झाले. उरलेल्या एका चित्राने ४१० घेतले. एकूण १,०००, सरासरी ६० च. पण त्या एका चित्राला खेळणारा जागीच थिजला आणि मारला गेला. म्हणून जाणकार सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ हा आकडा पाहतात, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेग. जुना प्रोसेसर बहुतेक वेळा इथेच पकडला जातो.

यंत्र चालते, पण दार बंद

विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८ व्या पिढीपासून आणि साधारणपणे रायझन २००० मालिकेपासून पुढेच चालते, शिवाय टीपीएम २.० लागते. आडमार्गाने ते जुन्या यंत्रावर बसवून देणारे आहेत, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतातच. २०२५ च्या बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागते. २०११ च्या यंत्राला हे दार उघडत नाही. याशिवाय एव्हीएक्स२ नावाच्या सूचना इंटेलमध्ये २०१३ च्या ४ थ्या पिढीपासून आल्या. काही नवे खेळ त्या नसतील तर सुरूच होत नाहीत. आणि सायबरपंक २०७७ ने २०२३ मध्ये आपली किमान अट वाढवून आय ७-६७०० केली. गिऱ्हाइकाने खेळाचे नाव सांगावे आणि मालकाने नाही म्हणावे, असे सेंटर किती दिवस टिकेल?

बाकीचा खर्च

प्रोसेसर एकटा येत नाही. इंटेलचे सॉकेट वारंवार बदलत आले आहे : २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००. म्हणून जुना आय ७ काढून नवा बसवू म्हटले तर बोर्ड आणि बहुतेकदा रॅमही बदलावी लागते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मात्र २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचा माल बसतो. अनेक जुन्या बोर्डांवर फक्त बायोस अद्ययावत करावा लागतो. ज्यांच्याकडे असा बोर्ड आहे, त्यांनी पूर्ण यंत्र विकण्याआधी नुसता प्रोसेसर बदलण्याचा विचार जरूर करावा. २०२२ च्या एएम५ ला डीडीआर५ रॅम लागते आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले. आमचा हिशेब त्यामुळेच एएम४ कडे झुकला.

घेताना काय पाहावे

१) ‘आय ५’, ‘आय ७’ ऐकून थांबू नका, पूर्ण आकडा विचारा. चार आणि पाच आकडी इंटेलमध्ये पुढचे एक किंवा दोन अंक पिढी सांगतात. २०२२ चा आय ३-१२१०० हाही चार कोअर, आठ थ्रेडचाच आहे, पण खेळात २६०० च्या खूप पुढे जातो.

२) स्टिकरवर विश्वास ठेवू नका. यंत्र चालू करून टास्क मॅनेजरमध्ये नाव वाचा.

३) ‘एफ’ असलेल्या इंटेलमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते; कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील.

४) एएम४ प्रोसेसरच्या पिना खालून तपासा. इंटेलच्या या मालात पिना बोर्डावर असतात, तिथे पाहा.

५) इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही, विशेषतः वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये कंपनीने दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. जुना घेताना बायोस नवा आहे का आणि हमी शिल्लक आहे का, दोन्ही विचारा.

६) लॉट घेण्याआधी नमुना घ्या आणि जो खेळ गिऱ्हाईक खेळणार, तोच लावून अर्धा तास पाहा.

भाच्याने लॉट सोडला. इसार गेला, तो परत मिळाला नाही. पाचाऐवजी तीनच यंत्रे रायझन ५ ५६०० वर उभी राहिली, उरलेली दोन कमाईतून घ्यायची असे ठरले. बहिणीला थोडे वाईट वाटले, पण दागिन्यांचा पैसा भंगारात गेला नाही, हे तिलाही पटले.

जुने यंत्र टाकाऊ असते असे आमचे म्हणणे नाही. आय ७-२६०० आजही बिले लिहील आणि त्याच्या काळातले खेळ खेळवील. जो बांधव असा माल विकतो त्याने फक्त पिढी आणि वर्ष सांगून विकावा. कापडातला ऐब आधी दाखवणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. संगणकाच्या दुकानातही तसेच येईल.