फासे कोण टाकतं?

आज ब्रुनेलनं काढलेला न्यूरॉनच्या जाळ्याचा नकाशा उलगडायचा होता. तो आता पुढच्या आठवड्यात. मधेच सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न डावलून नकाशात शिरण्यात अर्थ नाही. ते विचारतात, "तुम्ही न्यूरॉनच्या समीकरणात दर वेळी एक यादृच्छिक पद जोडता. मेंदूत हे फासे टाकतं कोण?"

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे 'नॉइज' एवढंच म्हणून पुढे सरकतात. मला ते कधीच पटलेलं नाही.

आधी न्यूरॉनवरच संशय घेऊ. १९९५ साली मेनन आणि सेनोव्स्की यांनी उंदराच्या मेंदूतल्या कॉर्टेक्सच्या कापांमधल्या न्यूरॉनना विद्युतप्रवाह देऊन पाहिलं. प्रवाह स्थिर असला की पहिले काही स्पाइक (पेशीचे विद्युत ठोके) दर खेपेला जुळत, पुढचे भरकटत जात. चढउतारांचा प्रवाह मात्र हुबेहूब तसाच पुन्हा पुन्हा दिला, तर स्पाइकही मिलिसेकंदाच्या आत त्याच त्या क्षणी येत. म्हणजे पेशी चोख आहे. आरोपी दुसरा कुणीतरी.

पण जाग्या माकडाच्या कॉर्टेक्समध्ये दोन स्पाइकमधली अंतरं अगदी बेभरवशाची असतात. त्यांचं प्रमाण विचलन सरासरीच्या जवळ जातं. सॉफ्टकी आणि कॉख यांनी १९९३ मध्ये यातली अडचण दाखवून दिली. स्पाइक निघण्याचा उंबरठा ओलांडायला शंभर छोटे धक्के लागत असतील, तर शंभरांच्या बेरजेतला चढउतार दहाच टक्के. मग स्पाइक बऱ्यापैकी नियमित यायला हवेत. ते येत नाहीत.

उत्तर १९९६ मध्ये व्हान व्रीस्वाइक आणि सोम्पोलिन्स्की यांनी दिलं आणि त्यात फासा कुठेच नाही! समजा, न्यूरॉनला K उद्दीपक, म्हणजे त्याला पेटवू पाहणाऱ्या, जोडण्या आहेत. प्रत्येकीची ताकद १/K नव्हे, १/√K धरायची. K हजार असेल तर बत्तीसेक धक्क्यांतच उंबरठा गाठला जातो, आणि येणारे धक्के त्याहून कितीतरी जास्त. अशी पेशी अखंड पेटलेली राहील. पण निरोधक पेशीही तेवढ्याच जोरानं मागे ओढतात. दोन प्रचंड सरासऱ्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो तो चढउतार : √K गुणिले १/√K, म्हणजे उंबरठ्याएवढाच. रस्सीखेचीत दोन्हीकडे तगडे गडी असले की मधला रुमाल जागेवरच थरथरतो. स्पाइक म्हणजे त्या थरथरीतला एखादा मोठा हिसका. १/K घेतला असता तर जाळं वाढवत नेल्यावर ही थरथर विरून गेली असती.

हा तोल साधतं कोण? कुणीच नाही, हे मला सगळ्यात देखणं वाटतं. उद्दीपन जरा वाढलं की निरोधक पेशीही जास्त पेटतात आणि त्याला खाली खेचतात. दोन्ही गटांचे पेटण्याचे सरासरी दर दोन साध्या रेषीय समीकरणांतून निघतात. जोडण्यांच्या ताकदींनी काही असमानता पाळल्या म्हणजे झालं, आकडे नेमके जुळवावे लागत नाहीत. जोडण्या विरळ आणि विखुरलेल्या असल्यामुळे दोन पेशींना सामाईक बातमी फारशी मिळत नाही, म्हणून सगळ्या एकदम पेटत नाहीत. एका पेशीची अवस्था बदलून पाहा, थोड्याच वेळात अख्ख्या जाळ्याची वाटचाल वेगळी होते. तेव्हा सांगलीकरांना उत्तर असं : प्रत्येक न्यूरॉनसाठी फासे टाकतात ते बाकीचे न्यूरॉन, आणि त्यांच्यासाठी हा.

काटेकोर वाचक म्हणतील, व्हान व्रीस्वाइक आणि सोम्पोलिन्स्की यांचे न्यूरॉन शून्य किंवा एक एवढेच होते, खरे स्पाइक देणारे नव्हते. बरोबर आहे. ब्रुनेलनं २००० साली १०,००० उद्दीपक आणि २,५०० निरोधक, गळक्या बेरजेचे, स्पाइक देणारे न्यूरॉन घेतले. प्रत्येकाला १,००० उद्दीपक जोडण्या, निरोधक फक्त २५०. चौथा हिस्सा असल्यामुळे एकेक निरोधक जोडणी चौपट ताकदवान झाली की तोल येतो. त्याच्या नकाशाच्या आडव्या अक्षावर निरोधक जोडणी उद्दीपक जोडणीच्या किती पट ताकदवान हे असतं; तिथे ४ च्या अलीकडे उद्दीपनाचं राज्य आणि पलीकडे निरोधाचं, ते यामुळे. पुढच्या आठवड्यात आपण थेट ४ च्या पलीकडून सुरुवात करू.