पाऊस, फासे आणि पुढचं गाव

‘र्‍यूतामा’ या जपानी खेळात उजाडलं की प्रत्येकाने आधी दोन फासे टाकायचे. रात्री झोप लागली का, पाय दुखतायत का, निघायची उमेद आहे का, हे त्या दोन फाशांवर ठरतं. बेरीज १० किंवा जास्त आली तर तो दिवस त्या माणसाचा. अगदीच कमी आली तर बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. तोवर कुठला राक्षस आलेला नसतो, की खजिन्याचा नकाशा सापडलेला नसतो. गोष्ट मात्र सुरू झालेली असते.

आत्सुहिरो ओकादा यांनी रचलेला हा खेळ जपानमध्ये २००७ साली आला आणि २०१५ मध्ये इंग्रजीत. हा टेबलटॉप रोल-प्लेइंगचा प्रकार. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाकडे एकेक पात्र आणि त्याची माहिती लिहिलेला कागद. एक जण खेळ चालवतो: वाट कशी आहे, आभाळ कसं आहे, समोर कोण आलं, हे तो सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि गोष्ट सगळ्यांची मिळून पुढे जाते. जिंकणं-हरणं असं काही नाही.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत १९७४ साली झाली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून. त्यातही प्रवास होता. रानावनातल्या भटकंतीसाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरा, असं त्या पहिल्या पुस्तिकांत सुचवलं होतं. पण तिथे वाट ही भुयाराच्या तोंडाशी पोचण्यापुरती. सोनं आणि लढाई भुयारात. ओकादांनी वाटेलाच मध्यभागी आणलं आणि तिच्यावर चालायला साधी माणसं दिली: शेतकरी, व्यापारी, वैद्य, शिकारी, कारागीर, गाणारा फिरस्ता आणि एखादा खानदानी घरचा मुलगा किंवा मुलगी. या जगात प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी लांबच्या प्रवासाला निघतोच.

आमच्या टेबलावर खेळ मी चालवतो. खेळणाऱ्यांत एका मित्राची आईही आहे. काकू शेतकरीण होतात, त्यांचा मुलगा व्यापारी, एक मैत्रीण वैद्य. खेळ अर्थातच मराठीत चालतो. निघण्याआधी पुढचं गाव आम्ही सगळे मिळून ठरवतो, त्यासाठी पुस्तकात वेगळा कागदच दिलेला आहे. गावाचं नाव काय, नजरेत भरणारी इमारत कोणती, तिथे काय पिकतं, वास कसला येतो, आवाज कुठले कानावर पडतात, आणि गावाला सध्या कसली चिंता आहे. वासाचा रकाना मला फार आवडतो. कुणी ‘भिजलेल्या तागाचा’ म्हणतं आणि लगेच दुसरं विचारतं, मग तिथे नदी असणार ना? दोन वाक्यांत गाव उभं राहतं, आणि ते एकट्या कुणाचं नसतं.

आता हिशेब बघा, कारण या खेळाचा जीव हिशेबात आहे. ताकद, चपळाई, बुद्धी आणि मनोबल या चार गुणांना प्रत्येकी एक फासा: सुरुवातीला चार, सहा किंवा आठ बाजूंचा. दिवसभराची वाट चालायला ताकद आणि चपळाई यांचे फासे टाकायचे. जंगलातून जायचं तर बेरीज किमान ८ हवी. पाऊस असला की ९. काकूंच्या शेतकरणीकडे आठाचा आणि सहाचा फासा. उन्हात तिला ४८ पैकी २७ वेळा जमेल, पावसात २१ वेळा. व्यापाऱ्याकडे चाराचा आणि सहाचा. उन्हात त्याला २४ पैकी ६ वेळा जमतं आणि पावसात फक्त ३ वेळा. पावसाने केला तो एवढा एक आकड्याचा फरक, पण त्यात शेतकरणीचं थोडक्यावर भागलं आणि व्यापाऱ्याची शक्यता निम्म्यावर आली. चालणं जमलं नाही की अंगातली शक्तीही निम्मी होते.

हे आकडे मी कधी समजावून सांगत बसत नाही. टेबलावर ते आपोआप कळतं. एकदा अशाच पावसात व्यापारी ढेपाळला तेव्हा काकू फासे हातात धरूनच म्हणाल्या, “अरे, त्याचं गाठोडं माझ्याकडे दे. मला झेपतंय.” नियमातही ते बसतं. किती सामान उचलता येईल हे ताकदीवर ठरतं, आणि शेतकरीण व्यापाऱ्याहून बरंच जास्त उचलू शकते. पण काकू ते कागदावर बघून बोलल्या नव्हत्या.

मग वाट शोधायची पाळी आली. ही जबाबदारी एकाने घ्यायची, दुसऱ्याने फार तर मदत करायची. वैद्याने फासे टाकले, दोन्हींवर एक-एक. म्हणजे साफ चुकलं. पण अशा वेळी टेबलावरच्या प्रत्येकाला एकेक गुण मिळतो, पुढे अडचणीत वापरायला. एकाचं चुकलं आणि शिदोरी सगळ्यांना मिळाली! मला ठाऊक असलेल्या खेळांच्या नियमांत याहून दिलदार नियम नाही. चुकणाऱ्याकडे कुणी रागाने बघत नाही, उलट सगळे पुढे सरकून बसतात.

रात्र जंगलातच काढावी लागली. मी म्हटलं, पाऊस थांबलेला नाही. वैद्य म्हणाली, मी चूल पेटवते. काकूंनी विचारलं, “कशी पेटवशील? लाकडं ओली आहेत. आधी वाळलेली साल शोध, झाडाच्या खालच्या बाजूला मिळते.” पुढची दहा मिनिटं फासे कुणी हातातही घेतले नाहीत. साल कुठे मिळेल, आडोसा कुठला, व्यापाऱ्याच्या मालातलं मेणकापड वापरायचं की ते विकायला ठेवायचं, यावर बोलणं चाललं. शेवटी व्यापाऱ्याने कापड दिलं. नवीन माल होता, गावात त्याला चांगला भाव आला असता.

खेळ चालवणाऱ्याचंही इथे एक पात्र असतं. तो र्‍यूजिन, म्हणजे प्रवाशांच्या मागावर राहून त्यांच्या गोष्टी टिपणारा ड्रॅगन-मानव. या गोष्टी खाऊनच ऋतूंचे ड्रॅगन वाढतात. म्हणून माझ्याजवळ कायम वही असते. मेणकापडाचा प्रसंग तिच्यात आहे. अनुभवाचे गुण देतानाही वाट किती अवघड होती हे आधी बघितलं जातं.

याच वाटेचे आणखीही खेळ आहेत. रॉस काउमन यांच्या ‘फॉल ऑफ मॅजिक’मध्ये नकाशाची गुंडाळी हळूहळू उलगडत जाते आणि खेळ चालवणारा असा कुणी नसतोच. जे ड्रॅगन यांच्या २०२१ च्या ‘वाँडरहोम’मध्ये तर फासेच नाहीत. दोन्ही सुंदर आहेत. तरी नवख्यांना मी ‘र्‍यूतामा’च देतो. नुसतं ‘काहीतरी सांग’ म्हटलं की बुजरा माणूस गप्प होतो. ‘पाऊस आहे, तुला ९ हवेत आणि तुझे ५ आले’ म्हटलं की तोच माणूस बोलायला लागतो.

खेळायचं मनात असेल तर तिघं-चौघं जमवा, घरातल्या मोठ्यांनाही बसवा आणि पूर्ण संध्याकाळ मोकळी ठेवा. चार, सहा, आठ, दहा आणि बारा बाजूंच्या फाशांचा संच ऑनलाइन सहज मिळतो. घाईत सकाळचे फासे गाळायचा मोह होईल, ते तेवढे गाळू नका.