इंग्रजी शिकवायला येण्याआधी



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळीतील काही तरुण-तरुणी कोल्हारला प्रवराकाठच्या आदिवासी वस्तीवर मुलांना इंग्रजी शिकवायला आले. उत्साह दांडगा होता. पहिल्याच दिवशी एका भावाने फळा भरून क्रियापदे लिहिली आणि ‘गो, वेंट, गॉन’ अशी तिन्ही रूपे पाठ करायला दिली. त्या दिवशी चोवीस मुले होती, दुसऱ्या दिवशी नऊ आली. त्यात चूक मुलांची नव्हती आणि त्या भावाचीही नव्हती. आम्ही त्याला काहीच तयारी करून न देता खडू हातात दिला होता. ही तयारी म्हणजे नेमके काय, हे अनेकांनी विचारले, म्हणून लिहीत आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी वस्तीवरच्या मुलाला ती तिसरी भाषा पडते. घरात एक बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि त्यावर इंग्रजी. आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले, त्यामुळे संध्याकाळी विचारायला घरी कोणी नाही. दहावीला एकट्या इंग्रजीत राहिलेली मुलगी पुन्हा परीक्षेला बसत नाही, तिचे लग्न ठरते. हे मी या वस्तीवर दोनदा पाहिले आहे.

शिकवण्याआधी शिकणे ही आपल्या जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. मिस सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते त्यांच्याकडे. पुढे १८५४ साली सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला, त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, अमेरिकेहून आलेले मिशनचे शिष्टमंडळ इंग्रजी शाळांपेक्षा देशी भाषांतल्या शिक्षणावर भर द्या असे सांगत होते. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य होते. इंग्रजी हवीच, पण तिची वाट मुलाच्या भाषेतून जाते.

म्हणून पहिली तयारी मराठीची. इंग्रजी आपल्या भाषेहून कुठे वेगळी वागते हे शिक्षकाला आधी ठाऊक हवे, कारण मूल नेमके तिथेच अडखळते. आपण ‘मी भाकरी खातो’ म्हणतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मधे येते, ‘आय ईट भाकरी’. आपले ‘वर’ नामाच्या मागे चिकटते, ‘टेबलावर’. त्यांचे ‘ऑन’ नामाच्या पुढे उभे राहते. आपण ‘तू जेवलास का?’ मधला ‘का’ शेवटी ठेवतो, तर त्यांचा ‘डिड’ सुरुवातीलाच येतो. ‘अ’, ‘अन’, ‘द’ यांना आपल्याकडे जोडच नाही, त्यामुळे मुले ते गाळतात. त्याला आळस समजू नये.

उच्चारांचेही तसेच. सव्वीस अक्षरांत चाळीसहून अधिक ध्वनी बसवलेले, म्हणून पी-यू-टी ‘पुट’ आणि बी-यू-टी ‘बट’. मुलाने ‘असे का?’ विचारले तर रागावू नका, प्रश्न बरोबर आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’ मात्र आधी स्वतः म्हणून पाहा. आमच्या एका ताईंनी मेंढपाळाची गोष्ट सांगताना शंभर जहाजे रानात चरायला सोडली होती!

एकदा मी ‘यू’ शिकवत होतो. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच शब्द, असे सांगितले. (जुन्या इंग्रजी बायबलात ‘तू’साठी वेगळा शब्द आहे, पण आज तो बोलण्यात नाही.) मागे बसलेला सातवीतला मुलगा म्हणाला, “मग मळ्याच्या मालकालाही यू आन् माझ्या बापालाही यूच?” मी हो म्हणालो. त्याने वहीत ते तीनदा लिहिले. त्याच्या बापाला गावात ‘ए’ म्हणूनच हाक मारतात, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होते.

सुरुवात मुलांकडे असलेल्या शब्दांपासून करावी. ट्रॅक्टर, टायर, ब्रेक, रिचार्ज, सलाईन. एका तासात आम्ही असे साठ शब्द फळ्यावर मांडले, तेव्हा ‘आम्हाला इंग्रजी येत नाही’ म्हणणारी मुले एकमेकांकडे पाहू लागली. नगर-मनमाड रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या हे आमचे दुसरे पुस्तक.

साहित्य मोठ्या मुलांसाठी, असे समजू नका. गोष्टीसाठी मूल नवा शब्द सोसते, व्याकरणासाठी सोसत नाही. रस्किन बाँड यांच्या ‘द ब्लू अंब्रेला’मधली बिन्या डोंगरात गाई शोधत फिरते आणि गळ्यातले बिबट्याच्या नखांचे लॉकेट देऊन छत्री घेते. गुरे राखलेल्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही. टागोरांनी ‘गीतांजली’ स्वतः इंग्रजीत आणली, तिच्यातली देशासाठीची प्रार्थना दहावीच्या मुलांसमोर वाचताना आधी कवीलाही इंग्रजी परकीच होती हे सांगा. मग सावकाश, मोठ्याने वाचा. ओळीओळीचे भाषांतर करत बसलात की कविता गेली.

ज्यांना हेच काम आयुष्यभर करायचे आहे त्यांनी रीतसर डी.एल.एड. किंवा बी.एड. करावे आणि टीईटी द्यावी, मंडळीने त्यांची फी उचलावी. रविवारच्या तासासाठी येणाऱ्यांनी एवढे करावे: धडा घरी तीनदा मोठ्याने वाचावा, नवे शब्द पाचच निवडावेत, त्यातली दाखवता येईल ती वस्तू पिशवीत टाकावी आणि प्रत्येक शब्दाला वस्तीच्या बोलीत काय म्हणतात हे मुलांनाच विचारून लिहून घ्यावे. हे शेवटचे काम कोणी टाळू नये. मुले त्या वेळी शिक्षक होतात आणि आपले उच्चार ऐकून पोट धरून हसतात.

यंदा येणाऱ्यांनी पहिले दोन शनिवार काही शिकवायचे नाही. मुलांच्या मागे सतरंजीवर बसून ऐकायचे. वही आणि पाण्याची बाटली आणावी, खाऊ नको.