विद्यादान आणि दात्याचा हक्क

गेल्या ज्येष्ठांत आमचे एक जुने स्नेही पिवळा पडलेला एक कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या तीर्थरूपांनीं १९९० च्या सुमारास एका खासगी महाविद्यालयास इमारतीकरितां मोठी रक्कम दिली होती, आणि दात्याच्या घराण्यानें सुचविलेला एक विद्यार्थी दरवर्षीं घेऊं, असें चालकांनीं लिहून दिलें होतें. यंदा स्नेह्यांच्या नातवास गुण कमी पडले. कागद पुढें करतांच चालकांनीं हात वर केले. "दिलें वचन मोडलें; आतां कोर्टाची पायरी चढतों. तुमचें मत काय ?" असा त्यांचा प्रश्न. असे कागद आणखीही कांहीं घरांच्या पेट्यांत असावेत. म्हणून आमचें उत्तर वाचकांसही सांगतों.

प्रथम स्नेह्यांच्या बाजूनें पाहूं. दात्यानें आपल्या माणसांकरितां जागा राखाव्या, ही कल्पना फार जुनी आहे. विल्यम ऑफ विकहॅम या इंग्रज धर्माध्यक्षानें १३७९ सालीं ऑक्सफर्ड येथें न्यू कॉलेज व १३८२ सालीं विंचेस्टर येथें शाळा स्थापिली. दोहोंतही संस्थापकाच्या कुळास अग्रहक्क असे. पुढें वंश फोफावला आणि खरा कुळाचा कोण, याविषयीं तंटे माजले. ऑक्सफर्डच्याच ऑल सोल्स कॉलेजांत संस्थापकाच्या कुळास असलेल्या अशाच हक्कावर ब्लॅकस्टन या कायदेपंडितानें १७५० सालीं निबंध लिहिला. इतक्या पिढ्यांनंतर नात्यास अर्थ उरत नाहीं, असा त्याचा रोख. अखेर १८५४ च्या ऑक्सफर्डविषयक कायद्यामागून झालेल्या सुधारणांत हे हक्क लयास गेले.

आपल्याकडेही, जो खर्च सोसतो त्याच्या शब्दास कांहीं मान असावा, असें म्हणण्यास आधार होता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचा भार सरकार वाहतें, म्हणून विद्यार्थी कोणकोणत्या वर्गांतून घ्यावे हें तें ठरवूं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं मानलें. पण १९८३ सालीं त्याच न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, कोणत्याही कसोटीवांचून, केवळ मर्जीनें केलेली नेमणूक समतेच्या तत्त्वास सोडून आहे. सरकारच्या मर्जीस जर ही मर्यादा, तर एका घराण्याच्या मर्जीची काय कथा !

महाराष्ट्रापुरता तर प्रश्न १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानेंच सोडविला आहे. संस्थेनें सद्‌भावनेनें देणगी घ्यावी, शिष्यवृत्त्या व बक्षिसें यांकरितां निधि उभारावा, यास त्याची मनाई नाहीं. मात्र त्या देणगीच्या मोबदल्यांत एकही जागा राखून ठेवतां येत नाहीं. पुढें १९९२ सालीं कर्नाटकांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरविली. तेथें सरकारी जागेस वर्षाला २,००० रुपये, राज्यांतील इतर विद्यार्थ्यांस २५,००० व परप्रांतीयांस ६०,००० असे दर होते. २००२ सालीं खासगी संस्थांस कारभाराचें पुष्कळ स्वातंत्र्य मिळालें. तरी २००५ च्या इनामदार प्रकरणांत सात न्यायाधीशांनीं गुणवत्तेचा व कॅपिटेशनबंदीचा दंडक कायम ठेवला.

तेव्हां स्नेह्यांचा कागद लिहिला गेला त्याच दिवशीं त्यांतील वचन कायद्याविरुद्ध होतें. बेकायदा मोबदल्याचा करार मुळांतच रद्द, हें १८७२ चा करार कायदा सांगतो. जें वचन देण्याचा अधिकारच नव्हता, तें मोडलें म्हणून दाद कोठें मागणार ?

पण आमच्या मतें खरें उत्तर याहून जुनें आहे. आपल्या शास्त्रकारांनीं दानास दोन गोष्टी आवश्यक मानल्या: दात्याचें स्वत्व निवृत्त व्हावें आणि घेणाऱ्याचें उत्पन्न व्हावें. नातवाच्या प्रवेशाची दोरी हातीं ठेवून दिलेल्या द्रव्यावरचें स्वत्व सुटलेंच नाहीं; मग तें दान कसलें ? तो सौदा झाला. आणि त्या सौद्याची किंमत दाता देत नाहीं, चालकही देत नाहींत. रांगेंत पुढें उभा असलेला, दोघांसही अपरिचित असा मुलगा ती देतो.

हें आम्ही वरच्या आसनावरून सांगत नाहीं. नोकरींत असतां आम्हींही एका आप्ताच्या मुलाकरितां एका चालकास पत्र लिहिलें होतें. जागा मिळाली, घरांत पेढे वाटले. त्याच्याऐवजीं बाहेर राहिला त्या मुलाचें नांव आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. शेंकडों मुलांचीं नांवें आठवतात. हें एक न कळलेलें नांव मात्र मधूनमधून फार टोंचतें.

ही हकीकत ऐकून स्नेही बराच वेळ गप्प बसले. तीर्थरूपांच्या नांवें गरीब विद्यार्थ्यांकरितां एक शिष्यवृत्ति ठेवावी, असें आम्हीं सुचविलें. तेथें नांवही राहतें आणि दानही राहतें. "आणि नातवाचें काय ?" ते म्हणाले. त्याला उद्यां इकडे पाठवा, इतकेंच आम्ही बोललों. दुसऱ्या दिवशीं तो गुणपत्रिका घेऊन आला. त्याच्या गुणांत जेथें न्यायानें जागा मिळेल, अशा अभ्यासक्रमांची यादी आम्हीं दोघांनीं मिळून केली. ती कांहीं आंखूड नव्हती.