कॉकपिटमधली एलईडी पट्टी आणि नियम ५५

हैदराबादेत अंबरपेठेहून कोठीची गुजराती गल्ली फार लांब नाही. तिथं एलईडीची पट्टी मीटरवर मिळते. लाल, हिरवी, पांढरी, हवी ती. मागे चिकटपट्टी, पुढे दोन वायरी. कुठलाही ऑटो-इलेक्ट्रिशियन ती अर्ध्या तासात गाडीत बसवून देतो. मग बेगमपेठेच्या जुन्या विमानतळावर उड्डाण शिकणाऱ्या पोरांना, किंवा छोटं विमान बाळगणाऱ्या एखाद्या मालकाला सहज वाटतं, की सेस्नाच्या पॅनेलखाली अशी पट्टी लावली तर काय बिघडलं?

गरज खोटी नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत ५ तास रात्री, स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून काढावे लागतात, १० उड्डाणं आणि १० अवतरणांसह. एरवी सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी नजरेच्या भरवशावरचं उड्डाण आपल्याकडे बंद होतं. स्थानिक आणि प्रशिक्षणाच्या फेऱ्यांना मात्र हवाई नियंत्रण कक्ष सूट देऊ शकतो. जुन्या सेस्ना १७२ मध्ये छतातला एक लाल दिवा आणि उजेड कमी-जास्त करणारा झिजलेला रिओस्टॅट एवढ्यावर भागवावं लागतं. पॅनेल नीट दिसत नाही ही तक्रार खरीच आहे, चुकतो तो उपाय.

‘साधा दिवाच तर आहे, इंजिनाला कुठं हात लावतोय?’ हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. प्रमाणित विमान कसं असावं हे त्याचं टाइप सर्टिफिकेट ठरवतं. सेस्ना १७२ चं टाइप सर्टिफिकेट अमेरिकेत १९५५ साली मिळालं आणि आजही त्याच क्रमांकाखाली, ३ए१२, चालतं. आकाशातलं प्रत्येक १७२ त्या वर्णनाशी जुळलं पाहिजे, किंवा जिथं जुळत नाही तिथं मंजूर बदलाचा कागद पाहिजे. पट्टी विमानाच्या विजेला जोडली की तो बदल झाला, वजन पन्नास ग्रॅम असलं तरी.

याचा परिणाम काय, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समधला नियम ५५ सांगतो, की विमानात नियमबाह्य फेरफार झाला तर त्याचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र निलंबित झाल्याचं मानलं जातं. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, माणूस येऊन आदेश काढेल तेव्हा नव्हे, फेरफार झाल्यापासूनच. हँगरमध्ये प्रमाणपत्र दिमाखात लटकत असतं आणि कायद्याच्या लेखी विमान जमिनीवर असतं. पुढे काही घडलं तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच प्रमाणपत्राबद्दल विचारणार, त्या दिव्याचा अपघाताशी संबंध असो वा नसो.

‘मायनर बदलाला परवानगी लागत नाही’ हा दुसरा गैरसमज. हे अर्धं ऐकीव ज्ञान अमेरिकेतून येतं. तिथं किरकोळ फेरफार मेकॅनिक लॉगबुकात नोंदवून करू शकतो. ‘व्हीटी’ने सुरू होणाऱ्या नोंदणीचं विमान डीजीसीएच्या सीएआर-२१ या नियमावलीखाली येतं. त्यात मायनर आणि मेजर असे दोन वर्ग आहेत खरे, पण मायनरलाही मंजुरी लागतेच; मेजरपेक्षा सोपी, एवढंच. आणि विमानं उड्डाणयोग्य राखण्याची नियमावली, सीएआर-एम, सांगते, की फेरफार करायचा तो डीजीसीएने किंवा सीएआर-२१ खाली मान्यता मिळालेल्या डिझाइन संस्थेने मंजूर केलेल्या माहितीनुसारच.

म्हणूनच ‘आपला एएमई ओळखीचा आहे, तो सही देईल’ यालाही अर्थ नाही. परवानाधारक देखभाल इंजिनिअरची (एएमईची) सही म्हणजे काम मंजूर माहितीप्रमाणे झालं याची ग्वाही. ती माहितीच नसेल तर तो कशाची ग्वाही देणार? बिचाऱ्याचा परवाना मात्र धोक्यात.

डब्यावरच्या शिक्क्याचंही तसंच. ‘एव्हिएशन ग्रेड’ हे शब्द कुणीही छापू शकतो. टीएसओ हा अमेरिकी तांत्रिक मानकाचा किंवा आपल्याकडचा आयटीएसओ शिक्का खरा असला, तरी तो वस्तूचा दर्जा सांगतो. ती वस्तू तुमच्या विमानात बसवायची परवानगी तो देत नाही. जुन्या बल्बच्या जागी त्याच खोबणीत बसणारा एलईडी बल्ब घ्यायचा असेल तर आधी त्याचा पार्ट नंबर उत्पादकाच्या कॅटलॉगात शोधावा. खोबण जुळली म्हणजे भाग जुळला असं नसतं.

आता नियमांमागचं तंत्र, कारण बाबूगिरी म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. जुनी १७२ विमानं १४ व्होल्टवर चालतात, १९७८ च्या मॉडेलपासून २८ व्होल्टवर. गाडीची पट्टी १२ व्होल्टची. एलईडी वीज कमी खातो म्हणून धोका नाही, हे म्हणणं फसवं आहे: धोका दिव्यात नसून वायरीत असतो. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, आणि तो सोडून मधूनच जोडणी घेतली तर शॉर्ट झाल्यावर अख्खी बॅटरी त्या बारीक तारेतून वाहते. बाजारातल्या वायरीवरचं पीव्हीसी जळताना विषारी धूर सोडतं. कॉकपिटमध्ये खिडकी उघडून बाजूला थांबायची सोय नाही. एलईडी मंद करणारं स्वस्त सर्किट वेगाने चालू-बंद होतं आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या रेडिओत खरखर भरतं. चुंबकीय होकायंत्राजवळून तार गेली तर दिवा लावताच सुई सरकते. ही खोड दिवसा जमिनीवर कळतच नाही.

१९९८ मध्ये स्विसएअरचं एमडी-११ हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलं, २२९ जण गेले. आग तारांत पेटली होती, आणि नंतर बसवलेल्या मनोरंजन यंत्रणेची वायरिंग तपासाच्या केंद्रस्थानी आली. ती यंत्रणा मंजूर एसटीसीखालीच, म्हणजे टाइप सर्टिफिकेटला जोडलेल्या फेरफार-मंजुरीखालीच, बसवलेली होती. याच तपासादरम्यान त्या जातीच्या विमानांतल्या वैमानिकांच्या वाचनदिव्यांच्या जोडणीतही धोके सापडले, अपघाताचं कारण ते नसले तरी. कागद असूनही हे होतं, मग कागदाशिवायचं बोलायलाच नको.

लाल दिवाच बंधनकारक आहे, असंही पक्कं समजणारे आहेत. तसं नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि लाल उजेडात तो सराव कमी मोडतो, हे खरं. पण त्याच उजेडात नकाशावरच्या लाल आणि किरमिजी रेषा गायब होतात. मंद पांढरा चालतो. अमेरिकेच्या छोट्या विमानांसाठीच्या भाग २३ नियमांच्या २०१७ पूर्वीच्या आवृत्तीत रंगाचा हट्ट नव्हता. प्रत्येक उपकरण स्पष्ट दिसावं आणि उजेड, काचेवरून परतलेलासुद्धा, वैमानिकाच्या डोळ्यांत जाऊ नये, अशी अट होती. छतातला साधा दिवा हा उपकरणदिवा धरला जाणार नाही, असंही तिथं बजावलेलं होतं.

कुणी अमोल यादवांचं उदाहरण देतं. मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. पण ते प्रायोगिक वर्गातलं विमान, ज्याचं वर्णन त्यांनी स्वतः लिहिलं. तुमच्या सेस्नाचं वर्णन कॅन्ससमध्ये लिहिलेलं आहे.

रस्ता आहे, फक्त तो गल्लीतून जात नाही. तुमच्या मॉडेलसाठी निघालेली एसटीसी शोधा, ती वापरण्याची धारकाकडून लेखी परवानगी घ्या, ती डीजीसीएला मान्य असल्याची खात्री तुमच्या सीएएमओकडून, म्हणजे उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडून, करून घ्या. काम मान्यताप्राप्त संस्थेत, दाखल्यासह आलेल्या भागांनी. नंतर वीजभार आणि वजनाचा हिशोब, होकायंत्राची तपासणी, मॅन्युअलला पुरवणी असल्यास ती, आणि लॉगबुकात नोंद. खर्च दिव्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी जुना रिओस्टॅट आणि मूळ दिवे दुरुस्त करून घ्या. ते देखभालीचं काम, फेरफार नव्हे. आणि डोक्याला बांधायची मंद बॅटरी जवळ ठेवा. विमानाला न जोडलेली, न चिकटवलेली वस्तू विमानाचा भाग होत नाही. जुनं विमान विकत घेत असाल तर मात्र पॅनेलखाली वाकून एकदा बघाच. नोंद नसलेली एखादी पट्टी आधीच्या मालकाने लावलेली असली, तरी सीएआर-एमनुसार उड्डाणयोग्यता राखण्याची जबाबदारी आता तुमची, आणि काढून टाकण्याचा खर्चही.