पिल्लाचा जबडा जुळत नाही? दुधाचे दात पडेपर्यंत थांबू नका

घरी नवे पिल्लू आले की लसीकरणाची चौकशी लगेच होते, तोंडाच्या आत मात्र क्वचितच कोणी बघते. दात वाकडे दिसले तरी ‘दुधाचेच आहेत, पडतील आणि नवे सरळ येतील’ असे म्हणून विषय संपतो. बऱ्याचदा हे खपून जाते. पण खालचा सुळा वरच्या टाळूत रुतत असेल, तर थांबण्याने नुकसान होते.

जबडा कसा तपासावा?

पिल्लू शांत असताना, तोंड मिटलेले ठेवूनच ओठ हलकेच वर करा. समोरचे वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असावेत. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढच्या फटीत, हिरडीच्या बाहेरून बसायला हवा. मग दोन्ही बाजूंनी पाहा. पिल्लू जांभई देईल तेव्हा टाळूवर खड्डा किंवा लाल ठिपका दिसतो का, तेही बघून घ्या.

पग, शिह त्झू, बॉक्सर यांचा खालचा जबडा जातीनेच पुढे असतो. दात हिरडीला लागत नसतील तर तिथे काही करावे लागत नाही. खालचा जबडा आखूड असणे जास्त त्रासदायक. अशा वेळी खालचे सुळे टाळूत घुसतात, जखम होते आणि वरच्या दातांत अडकल्यामुळे जबड्याची वाढही अडते. पुढे टाळू आणि नाक यांच्यामध्ये भोक पडू शकते. मग अन्न नाकात जाते, शिंका आणि स्राव सुरू होतात.

आपल्या किनारपट्टीवर हे उशिरा लक्षात येण्याचे एक साधे कारण आहे. मासे-भात कालवून दिला की दुखरे तोंड असलेले पिल्लूही तो गिळून टाकते. ‘खातंय ना नीट’ एवढ्यावरून दात ठीक आहेत असे समजू नका. (आणि मासे देताना काटे काढूनच द्या.)

वेळ का महत्त्वाची?

दुधाचे 28 दात साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. कायमचे सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात उगवतात आणि सात महिन्यांपर्यंत 42 दात पूर्ण होतात. रुतणारे दुधाचे सुळे भूल देऊन काढायचे असतील तर दोन-तीन महिन्यांच्या वयात काढणे फायद्याचे असते. त्याने जखम थांबते आणि जबड्याला वाढायला मोकळीक मिळते. जबडा सरळ होईलच, अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. वाढ शेवटी आनुवंशिकतेवर अवलंबून असते.

म्हणून सहा-आठ आठवड्यांच्या पहिल्या लसीलाच ‘दात बघा’ असे पशुवैद्यांना सांगा. पुढच्या प्रत्येक लसीला पुन्हा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी होऊ शकते. दात काढण्याची सोय जवळ नसेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठवावे लागेल. अलिबागकरांना मांडव्याहून बोट आहे, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मंडळींचा मात्र दिवस जातो. तेव्हा आधी फोन करून वेळ घ्या आणि दातांचे फोटो सोबत ठेवा. भुलीपूर्वी किती वेळ उपाशी ठेवायचे तेही विचारा; लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवले तर साखर उतरते.

घरी पक्कडीने दात उपटू नका. दुधाच्या सुळ्याचे मूळ लांब असते, ते तुटून आत राहते आणि शेजारच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. रबरी चेंडू चघळायला देऊन दात बाहेर ढकलण्याचा उपाय फक्त किंचित आत झुकलेल्या सुळ्यासाठी आहे, आणि तोही पशुवैद्यांनी सांगितल्यावरच करायचा.

पाचव्या महिन्यानंतर एकाच जागी दुधाचा आणि कायमचा असे दोन सुळे दिसले, तर पुढच्या लसीची वाट न पाहता दाखवा. कायमचा सुळाच टाळूत जात असेल तरी उपाय संपलेले नसतात: दात हळूहळू सरकवणे, त्याची उंची कमी करून आतली नस झाकणे किंवा तो काढणे. खर्च आणि भुलीच्या खेपा मात्र वाढतात.

जबड्याचा असा दोष असलेल्या कुत्र्याची पैदास करू नका. ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांनाही कळवा, म्हणजे त्याच्या भावंडांची तोंडे वेळेत तपासली जातील.